चान्स किती?

"मुलगा अकरावीत आहे. जीपीए फुल्ल. एसएटी 1560. तबला सात वर्षं. रोबोटिक्स क्लबचा सेक्रेटरी. उन्हाळ्यात एका लॅबमध्ये काम केलंय. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी... चान्स किती? तबला सोडून डिबेट घेऊ का? काउन्सेलर लावावा का? फॉर्ममध्ये 'एशियन' लिहायलाच हवं का? आणि एवढं करून नाहीच मिळालं तर त्याचं काय चुकलं असं समजायचं?"

न्यू जर्सीतल्या ओळखीच्या एका आईचे हे प्रश्न. शेवटचा प्रश्न सोडला तर बाकीचे सगळे प्रश्न एकच आहेत: यादी कशी लावतात ते सांगा, म्हणजे आम्ही तयारीला लागतो. आपण मंडळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर आणि जेईईच्या रँकवर वाढलेली. आपल्या डोक्यात ॲडमिशन म्हणजे सॉर्ट फंक्शन. उतरत्या क्रमानं लावा, जागा संपल्या की रेघ मारा. रेघेच्या वर आला तर पेढे, खाली आला तर "थोडक्यात हुकलं". यात क्रूरपणा आहे, कोचिंगचा बाजार आहे, सगळं आहे. पण रेघ कुठे मारली हे कळतं.

हार्वर्डमध्ये अशी रेघ नाही. का नाही, याचं उत्तर माहितीपत्रकात "आम्ही संपूर्ण माणूस पाहतो" असं गोड भाषेत मिळतं. खरं उत्तर इतिहासात आहे, आणि ते तितकंसं गोड नाही. गंमत म्हणजे एके काळी तिथेही रेघच होती!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये शिरायचं तर प्रवेश परीक्षा द्यायची. पास झालात की आत. जागांना मर्यादा अशी नव्हतीच. अर्थात परीक्षेचा अभ्यासक्रम असा होता (लॅटिन वगैरे) की तो शिकवणाऱ्या शाळाच मोजक्या: ग्रॉटन, सेंट पॉल्स, एक्झिटर, अँडोव्हर. म्हणजे चाळणी शाळेच्या फीपाशीच लागायची. 1909 मध्ये ए. लॉरेन्स लॉवेल अध्यक्ष झाले आणि 1911 मध्ये सरकारी शाळांतल्या पोरांना झेपेल अशी प्रवेशाची नवी पद्धत आली. देशभरातली चांगली मुलं यावीत हा हेतू. मुलं आली. पण लॉवेलना अपेक्षित होती ती सगळीच नव्हेत. आली ती बोस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली, पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्यांची, फेरीवाल्यांची, दुकानदारांची ज्यू मुलं. 1900 साली हार्वर्डच्या नव्या तुकडीत ज्यू सुमारे 7 टक्के होते. 1922 पर्यंत आकडा 21 टक्क्यांच्या पुढे गेला.

न्यूयॉर्कच्या कोलंबियात तर तो 40 च्या आसपास पोचल्याचं सांगतात. तिथल्या प्रशासनानं गाजावाजा न करता काम केलं. लांबलचक अर्ज, मुलाखती, मानसशास्त्रीय चाचणी. दोनेक वर्षांत प्रमाण 22 टक्क्यांवर.

लॉवेल मात्र सरळ माणूस. म्हणजे पूर्वग्रह सरळ, आणि तो बोलण्याची पद्धतही सरळ. ते स्थलांतरावर निर्बंध मागणाऱ्या इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीगचे उपाध्यक्ष होते. 1922 मध्ये त्यांनी ज्यूंसाठी 15 टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली, तीही उघडपणे. त्यांचा युक्तिवाद वाचून आपल्याला फार परकं वाटायला नको. एका पत्रात त्यांनी उन्हाळी हॉटेलचं उदाहरण दिलं: हॉटेलवाल्यानं ज्यूंना प्रवेश दिला की हॉटेल बुडतं; ते लोक वाईट असतात म्हणून नव्हे, तर त्यांच्यामुळे बाकीचे यायचे बंद होतात म्हणून. "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो, पण सोसायटीतल्या बाकीच्यांना चालत नाही", हे वाक्य भाड्यानं घर शोधताना ज्यांनी ऐकलंय त्यांना चाल ओळखू येईल.

बातमी फुटली, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. हार्वर्डच्या देखरेख मंडळावर ज्युलियन मॅक नावाचे ज्यू न्यायाधीश होते, त्यांनी विरोध केला. समिती नेमली गेली. समितीनं एप्रिल 1923 मध्ये अहवाल दिला: वंश-धर्मावरून कोटा नको. छान! त्याच अहवालात आणखी एक सूचना होती. पश्चिमेकडच्या, दक्षिणेकडच्या छोट्या गावांतून मुलं यावीत म्हणून, शाळेच्या वर्गात वरच्या एक-सप्तमांशात असलेल्या मुलांना परीक्षेशिवायच घ्यावं. हिशोब असा की आयोवातल्या शेतकऱ्याचा गोरा-गोमटा प्रोटेस्टंट मुलगा येईल आणि टक्केवारी आपोआप दुरुस्त होईल.

पुढे काय झालं हे कुठल्याही प्रोग्रॅमरला कळेल. नियम लिहिणाऱ्याच्या मनात एक असतं, आणि नियम जे लिहिलंय तेच करतो. वरच्या एक-सप्तमांशात कोण बसलं होतं? तीच मुलं. 1925 मध्ये नव्या तुकडीतलं ज्यूंचं प्रमाण 27 टक्क्यांच्या आसपास गेलं.

दरम्यान 1922 च्या शरद ऋतूपासून अर्जाचा नमुना बदलला होता. वंश आणि वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं नाव काय, वडिलांचा जन्म कुठला असे प्रश्न आले. आणि एक प्रश्न असा होता की जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, असल्यास सविस्तर लिहा. (आडनाव बदलून कोहेनचा कोलमन झालेला कोणी निसटू नये म्हणून.) आलेल्या माहितीवरून मुलांची वर्गवारी झाली: जे-1 म्हणजे नक्की ज्यू, जे-2 म्हणजे बहुधा, जे-3 म्हणजे शक्यता आहे. डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवावा तितक्या थंडपणे.

मग 1926 उजाडलं. नव्या तुकडीला हजाराची मर्यादा घालण्यात आली. जागा मर्यादित झाल्या की निवड आली, आणि निवड आली की निकष आले. निकषांत आता अभ्यासाच्या जोडीला "चारित्र्य", "व्यक्तिमत्त्व" आणि "योग्यता" हे शब्द बसले. मुख्याध्यापकांची पत्रं, मुलाखत, आणि अर्जावर फोटो. त्या सुमारास येलचे डीन हार्वर्डमध्ये जाऊन आले आणि त्यांनी आपल्या नोंदीत लिहून ठेवलं की पूर्वेकडच्या शाळांपुरती एक-सप्तमांशाची सवलत बंद होणार आहे, आणि ज्यूंचं प्रमाण 25 वरून 15 टक्क्यांवर किंवा त्याखाली आणणार आहेत. कसं? तपशीलवार कारण न देता नकार कळवून. बस्स. कोटा नाही, नियम नाही, वर्तमानपत्राला बातमी नाही. 1930 च्या दशकात आकडा ठरल्याप्रमाणे खाली आला.

जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाचं 2005 सालचं 'द चोझन' हे जाडजूड पुस्तक या कागदपत्रांवर उभं आहे. त्यातला मुद्दा एकदा कळला की विसरता येत नाही: आज ज्याला "सर्वांगीण मूल्यमापन" म्हणतात त्याची सगळी हत्यारं – निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, छंद, खेळ, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, आणि कारण न देण्याची मुभा – साधारण या दहा वर्षांत तयार झाली. एका विशिष्ट समाजातली, फार अभ्यास करणारी, फार मार्क मिळवणारी मुलं फार येऊ नयेत म्हणून.

इथे एक मराठी माणूस या गोष्टीत शिरतो. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, औपचारिक पदवी नाही, पण पालीचे असे पंडित की हार्वर्डच्या चार्ल्स लॅनमन यांना 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी त्यांच्याशिवाय चालेना. 1918 मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा मुलीला आणि दहा-अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर घेऊन गेले. दामोदर केंब्रिजच्या सरकारी शाळेत, केंब्रिज हाय अँड लॅटिनमध्ये शिकला. शाळेतली कामगिरी अशी की हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्याला माफ झाली. 1924 मध्ये त्यानं नाव घातलं. मध्ये भारतात येऊन गेला. 1929 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. पुढे डी. डी. कोसंबी म्हणून गणितात, संख्याशास्त्रात आणि प्राचीन भारताच्या इतिहासात त्यांनी काय केलं ते इथे सांगत बसत नाही.

तारखा शेजारी ठेवून बघा. दामोदर शाळेत असताना, फेब्रुवारी 1923 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं "गोरा" नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. दोन महिन्यांनी हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला. 1924 मध्ये, दामोदरनं हार्वर्डमध्ये पाऊल ठेवलं त्याच वर्षी, नवा कायदा झाला आणि आशियातून स्थलांतर जवळजवळ बंद झालं. तरीही याच दरवाजानं एक गोव्याचा पोरगा आत गेला, कारण भारतीयांची अडचण व्हावी एवढे ते तिथे नव्हतेच. एक कोसंबी म्हणजे कौतुक, तुकडीतले 27 टक्के म्हणजे "प्रश्न". त्याचा मित्र नॉर्बर्ट वीनर (हो, सायबरनेटिक्सवाला) ज्यू होता. त्याचे वडील लिओ वीनर हार्वर्डमध्येच प्राध्यापक होते.

ज्यांना नकार मिळाला त्यांचं काय झालं? आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल असं एक उदाहरण रिचर्ड फाइनमनचं. 1935 मध्ये कोलंबियानं त्याला घेतलं नाही, कारण त्यांचा ज्यूंचा कोटा भरला होता. मग तो एमआयटीला गेला. दुसरं उदाहरण स्टॅन्ली कॅप्लनचं. ब्रुकलिनमधल्या प्लंबरचा हुशार मुलगा, मेडिकल कॉलेजांनी दारं लावली म्हणून घराच्या तळघरात शिकवण्या घेऊ लागला. 1946 मध्ये एका मुलीनं त्याला एसएटी नावाच्या परीक्षेची तयारी करून द्याल का म्हणून विचारलं. परीक्षा घेणारे म्हणत होते की या परीक्षेची तयारी करताच येत नाही. कॅप्लननं करून दाखवली. पुढे त्या शिकवणीची अवाढव्य कंपनी झाली आणि 1984 मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं ती विकत घेतली. कोटाच्या गल्ल्यांत फिरताना कोणाला ब्रुकलिनच्या तळघराची आठवण येत असेल असं नाही, पण घराणं एकच.

एसएटीची स्वतःची कुंडलीही विचित्र आहे. तिचा कर्ता कार्ल ब्रिगम प्रिन्स्टनचा. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकी बुद्धिमापनाच्या आकड्यांवरून त्यानं 1923 मध्ये पुस्तक लिहिलं की उत्तर युरोपीय लोक हुशार आणि बाकीच्यांच्या भेसळीनं अमेरिकेची बुद्धी उतरणीला लागली आहे. 1926 च्या जूनमध्ये पहिली एसएटी झाली, सुमारे आठ हजार मुलं बसली. 1930 मध्ये ब्रिगमनं आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले (हे त्याच्या बाजूनं नोंदवायलाच हवं), पण परीक्षा राहिली. 1933 मध्ये लॉवेल निवृत्त झाले आणि रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांना सगळ्या देशातून बुद्धिमान मुलं शिष्यवृत्ती देऊन आणायची होती, त्यासाठी मोजपट्टी हवी होती. त्यांचा सहाय्यक हेन्री चॉन्सी यानं एसएटी शोधून आणली. वंशवाद्यानं बनवलेलं हत्यार सुधारणावाद्यानं वापरायला घेतलं, आणि ते चाललंही. 1952 मध्ये हार्वर्डच्या नव्या मुलांचा शाब्दिक विभागातला सरासरी गुण 583 होता, 1960 मध्ये 678. आठ वर्षांत एवढी उडी!

पण इथेही हात आखडता घेतला गेलाच. फक्त मार्कांवर घेतलं तर कॉलेज पुस्तकी किड्यांनी भरेल, माजी विद्यार्थी दुरावतील, देणग्या आटतील, फुटबॉल टीमचं काय, ही काळजी प्रवेशाचे डीन विल्बर बेंडर यांना सतत होती. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रेड ग्लिंप यांनी त्यातून एक सिद्धांतच काढला. त्यांचं म्हणणं असं: सगळे टॉपर घेतले तरी शंभरातले पंचवीस जण खालच्या पावभागात असणारच. आयुष्यभर पहिला आलेला पोरगा इथे ऐंशीवा आला तर मोडून पडतो. त्यापेक्षा खालच्या पावभागात अशी मुलं घ्या ज्यांना मार्कांचं सोयरसुतक नाही – खेळाडू, नाटकवाले, मोठ्या घरचे. म्हणजे "सुखी तळ". मला हा युक्तिवाद वाचून हसूही येतं आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे असंही म्हणवत नाही. आयआयटीत पहिल्या सेमिस्टरनंतर कोमेजलेले बोर्डात आलेले चेहरे ज्यांनी पाहिलेत त्यांनाही म्हणवणार नाही. पण त्या सुखी जागा नेमक्या कोणाच्या वाट्याला गेल्या, ते बघा.

साठ-सत्तरच्या दशकांतलं बाकीचं पटकन सांगतो. येलमध्ये 1965 मध्ये इन्स्ली क्लार्क या तरुण प्रवेश-अधिकाऱ्यानं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची संख्या कमी केली, देणगीदार भडकले, थोडी माघार झाली. 1969 मध्ये येल आणि प्रिन्स्टननं पदवीसाठी मुली घ्यायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांसाठी दारं उघडली. 1978 च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी संख्येचा कोटा बेकायदा ठरवला, पण वंश हा अनेक घटकांपैकी एक मानायला हरकत नाही असं सांगताना आदर्श म्हणून दाखवली ती हार्वर्डचीच पद्धत. ज्यूंना रोखायला बनवलेलं यंत्र आता कृष्णवर्णीयांना आत आणायला वापरलं जात होतं. यंत्र तेच, वरची सेटिंग्ज बदलली. आणि कारण न देण्याची मुभा जशीच्या तशी.

1965 मध्ये आणखी एक गोष्ट झाली, ती म्हणजे स्थलांतराचा नवा कायदा. 1924 ची भिंत पडली आणि आशियातले डॉक्टर, इंजिनीअर अमेरिकेत जाऊ लागले. त्यात आपले लोकही. त्यांची मुलं अर्ज करू लागली तेव्हा ऐंशीच्या दशकात कुजबुज सुरू झाली: मार्क चांगले असूनही आपल्या मुलांना कमी का घेतात? अमेरिकी शिक्षण खात्यानं चौकशी केली. 1990 च्या निष्कर्षानुसार आशियाई अर्जदारांच्या निवडीचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी होतं खरं, पण त्याचं कारण खेळाडूंना आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप. आणि ते कायदेशीर आहे. प्रकरण बंद.

ते पुन्हा उघडलं 2014 मध्ये, हार्वर्डविरुद्धच्या खटल्यानं. त्यात झाला एक मोठा फायदा. शंभर वर्षं बंद असलेल्या पेटीतला विदा कोर्टात बाहेर आला. प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि "व्यक्तिमत्त्व" यांचे वेगवेगळे गुण दिले जात. आशियाई मुलं अभ्यासात पुढे, उपक्रमांतही मागे नाहीत, मग व्यक्तिमत्त्वात कमी. ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या, त्यांनी व्यक्तिमत्त्वाचे गुण गोऱ्या मुलांच्या जवळपासच दिले होते. कमी दिले ते कार्यालयात बसून फाइल वाचणाऱ्यांनी. खालच्या दोन्ही न्यायालयांना यात हेतुपुरस्सर भेदभाव दिसला नाही. 1926 मधला "व्यक्तिमत्त्व" हा शब्द माहीत असलेल्या माणसाला मात्र तो कॉलम पाहून दचकायला होतंच.

आता त्या आईच्या प्रश्नांकडे वळू. आकडेच देतो.

2015 साली प्रवेश घेतलेल्या तुकडीसाठी अमेरिकेतून सुमारे 26,000 अर्ज होते. त्यांपैकी 8,000 हून अधिक जणांचा जीपीए पूर्ण, 3,500 च्या आसपास जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी. जागा सोळा-सतराशे. म्हणजे मार्कांनी फक्त रांगेत उभं राहता येतं. खटल्यातल्या विश्लेषणात, अभ्यासाच्या निकषावर सगळ्यांत वरच्या दशांशात असलेल्या आशियाई-अमेरिकन अर्जदाराची निवड होण्याचं प्रमाण 12.7 टक्के निघालं. तुझा मुलगा खरंच त्या दशांशात असेल तर साधारण आठात एक. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत अर्ज 57,435 झाले आणि निवड 1,968 जणांची, एकूण 3.4 टक्के. 1940 मध्ये हाच आकडा 85 च्या आसपास होता! आजोबा सहज आत गेले असं एखादा अमेरिकन मित्र म्हणाला तर तो खोटं बोलत नाही.

ज्यांचे आई-वडील तिथे शिकले त्यांची निवड? साधारण तीनात एक. फिर्यादीच्या बाजूचे अर्थतज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि सहकारी यांनी दाखवलं की निवड झालेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्के हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदार वगैरेंच्या खास यादीतली मुलं किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं होती. साध्या रांगेत उभं केलं असतं तर त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांशांना नकार मिळाला असता. राज चेट्टी यांच्या गटाचा 2023 चा अभ्यास तर थेट पैशाचा आहे: तेवढेच गुण असलेल्या दोन मुलांत, वरच्या एक टक्का श्रीमंतांच्या घरचा मुलगा निवडला जाण्याची शक्यता सरासरी अर्जदारापेक्षा 34 टक्क्यांनी जास्त. "सुखी तळ" कोणाच्या वाट्याला गेला, त्याचा हा हिशोब.

तबला सोडावा का? नाही. तबल्याच्या बदल्यात डिबेट हा व्यवहारच चुकीचा आहे, कारण निवड समिती प्रत्येक वस्तूचे गुण जोडत नाही. ती एक टीम जुळवते. त्या वर्षी त्यांना ओबो वाजवणारा हवा असेल तर तबल्याचा उपयोग नाही, आणि हे तुला कळण्याचा मार्ग नाही. फार तर एवढं म्हणता येईल की सात वर्षं टिकलेली गोष्ट कालच सुरू केलेल्या गोष्टीपेक्षा फाइलमध्ये खरी वाटते. आणि घरात कोणीतरी तबला वाजवतंय, हे काय वाईट आहे?

काउन्सेलर? फॉर्म नीट भरायला, तारखा पाळायला, कुठली कॉलेजं परदेशी किंवा मध्यमवर्गीय मुलांना पैसे देतात ते समजून घ्यायला असेल तर जरूर. "आमची आत ओळख आहे" म्हणणारा असेल तर 2019 चं प्रकरण आठव: रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं कधी पाण्यात न उतरलेल्या मुलांना वॉटर पोलोचे खेळाडू म्हणून आत घुसवलं, पन्नास जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांत नट्या, वकील, उद्योजक, म्हणजे आई-बापच होते.

आपल्याकडे यात एक जास्तीचा घोळ आहे. आमच्या पिढीला अमेरिकेतली ॲडमिशन म्हणजे एमएस माहीत. जीआरई, तीन शिफारसपत्रं, आणि विभागातले प्राध्यापक बघतात की हा माझ्या लॅबमध्ये काम करेल का. तिथे विषय येतो की नाही हा प्रश्न मुख्य. पदवीचा प्रवेश हा वेगळ्याच खात्याचा, वेगळ्याच हेतूचा कारभार आहे. ते उद्याचे सिनेटर, देणगीदार, क्वार्टरबॅक आणि कवी यांचं मिश्रण तयार करत असतात. बाबा आयआयटी-मग-स्टॅनफर्ड असले की त्यांना वाटतं आपल्याला सिस्टम कळते. त्यांना दुसरीच सिस्टम कळत असते :-)

राहिला "एशियन" लिहायचा प्रश्न. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निवडीत वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी एमआयटीत आशियाई मुलांचं प्रमाण 40 वरून 47 टक्क्यांवर गेलं. येलमध्ये ते 30 वरून 24 वर आलं. हार्वर्डमध्ये 37 च्या 37. निकाल एक, दिशा तीन. (एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही आणि 2022 मध्येच त्यांनी एसएटी पुन्हा सक्तीची केली होती. एवढ्यावरून सगळा फरक समजत नाही, पण लक्षात ठेवायला हरकत नाही.) निकालातच अशी सोय ठेवली आहे की वंशामुळे आयुष्यात काय घडलं ते मुलानं निबंधात लिहिलं तर कॉलेज ते वाचू शकतं. त्यामुळे चौकट रिकामी ठेवली तरी नाव, तबला आणि निबंध मिळून सगळं सांगतातच. अर्ज "कमी आशियाई" दिसावा म्हणून पैसे घेणारे सल्लागार आहेत. त्यांचा सल्ला ऐकताना 1922 च्या अर्जातला तो नाव बदलल्याचा प्रश्न आठवतो. तेव्हा कॉलेज विचारत होतं. आता आपण न विचारता उत्तर देतो.

आणि नाहीच मिळालं तर काय चुकलं? या रचनेत "काय चुकलं" याला उत्तर नसतं. ते नसावं अशीच ती रचना 1926 मध्ये केली गेली. परिणामांबद्दल मात्र बोलता येतं. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 मध्ये दाखवलं की बड्या कॉलेजात निवड होऊनही साध्या कॉलेजात गेलेली मुलं पुढे सरासरी तेवढंच कमावतात. फरक पडतो तो गरीब घरच्या मुलांना. चेट्टींच्या गटालाही सरासरीत फारसा फरक दिसला नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता मात्र सुमारे दीडपट होताना दिसली. सिनेटर, सरन्यायाधीश, मोठ्या कंपनीचा प्रमुख व्हायचं असेल तर दरवाजा महत्त्वाचा. चांगला इंजिनीअर व्हायचं असेल तर रटगर्समध्ये, न्यू जर्सीतच, तुझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, सगळं आहे. मुलाला यांतलं काय व्हायचंय हे तुझ्या यादीत कुठे दिसलं नाही. ते तेवढं कळव.